संगीत शिक्षक आणि एआय: परीक्षा व सादरीकरणाच्या तयारीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गायन आणि वादन शिकवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे बहुतांशी हिंदुस्थानी संगीतातील आहेत, कारण विचारणारे बहुतेक शिक्षक तेच शिकवतात; मात्र कीबोर्ड, गिटार किंवा व्हायोलिन शिकवणाऱ्यांनाही बरीचशी उत्तरे लागू पडतील. एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एआय म्हणजे नेमके काय? चॅटबॉट माझ्या विद्यार्थ्याचे गाणे ऐकतो का?

एआय या एकाच नावाखाली दोन निरनिराळी साधने येतात आणि बहुतेक गैरसमज ती एकच मानल्यामुळे होतात. पहिले साधन भाषेचे आहे. चॅटजीपीटी किंवा जेमिनीसारखे चॅटबॉट दिलेल्या मजकुरावरून पुढचा मजकूर रचतात, त्यामुळे नियोजन, सराव प्रश्न, निवेदन अशा लिहिण्याच्या कामांना ते उपयोगी पडतात. दुसरे साधन आवाजाचे आहे: मायक्रोफोनमधून आलेल्या ध्वनीची कंपनसंख्या आणि आघातांमधील अंतर मोजणारी ॲप. त्यांच्यामागचे तंत्र चॅटबॉटपेक्षा जुने आहे. आवाजाची मूळ कंपनसंख्या शोधण्याची 'यिन' ही पद्धत २००२ साली प्रसिद्ध झाली, तर चॅटजीपीटी लोकांसमोर आले २०२२ च्या नोव्हेंबरात.

काही नवे चॅटबॉट ध्वनिफीतही स्वीकारतात आणि तिच्यावर अभिप्राय देतात. तो अभिप्राय पुष्कळदा 'स्वर स्पष्ट आहेत, लयीकडे लक्ष द्यावे' अशा थाटाचा, म्हणजे कोणाच्याही गाण्याला चालेल असा असतो. मी आखण्याचे काम चॅटबॉटला देते, मोजमाप ॲपकडून घेते, आणि निवाडा यांपैकी कोणावरही सोपवत नाही (प्रश्न १५ पाहा).

२. मला संगणकाची फारशी सवय नाही. सुरुवात कुठून करावी?

एकच विद्यार्थी आणि एकच काम निवडावे. परीक्षेला बसणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यासाठी मौखिक सराव घेऊन पाहणे ही सर्वांत सोपी सुरुवात आहे (प्रश्न ८ पाहा), कारण तेथे यंत्राची चूक तुमच्या लगेच लक्षात येते. मराठीत लिहिलेले चॅटबॉटला समजते आणि फोनवर बोलूनही मजकूर देता येतो. संपूर्ण वर्गाचे नियोजन पहिल्याच आठवड्यात त्याच्याकडे सोपवण्याचा मोह मात्र टाळावा.

३. परीक्षेला तीन महिने उरले आहेत. रियाजाचे वेळापत्रक एआयकडून करून घेता येईल का?

येईल, पण काय सांगितले यावर ते अवलंबून आहे. 'तीन महिन्यांचे वेळापत्रक करून दे' एवढेच म्हटले तर चॅटबॉट सगळे राग आणि ताल बारा आठवड्यांत समान वाटून टाकतो, म्हणजे विद्यार्थ्याला पक्का येणारा यमन आणि अजून हातात न आलेला मारवा या दोघांना सारखेच दिवस मिळतात. म्हणून त्याला चार गोष्टी आधी द्याव्यात: परीक्षेचा छापील अभ्यासक्रम, विद्यार्थी रोज खरोखर किती मिनिटे बसतो, प्रत्येक घटकाची आजची स्थिती (पक्का, कच्चा, सुरूच केलेला नाही), आणि शाळेच्या परीक्षा किंवा प्रवास यांमुळे बुडणारे दिवस.

त्यानंतर अटी घालाव्यात. कच्च्या घटकाला पक्क्याच्या तिप्पट वेळ द्यावा, पक्का झालेला घटक दहा दिवसांतून एकदा परत यावा, शेवटच्या दोन आठवड्यांत नवीन काहीही येऊ नये. या अटी शिक्षकाच्या अनुभवातून येतात, चॅटबॉटला त्या आपणहून सुचत नाहीत. दर आठवड्याला काय झाले आणि काय राहिले हे त्याला सांगून पुढचा आराखडा बदलून घ्यावा. खरे तर येथेच त्याचा फायदा आहे: हाताने केलेले वेळापत्रक दुसऱ्याच आठवड्यात कोलमडते आणि मग कोणी ते पुन्हा मांडत नाही.

४. परीक्षेचा अभ्यासक्रम त्याला माहीत असतोच ना?

माहीत असल्यासारखे तो बोलतो, हीच अडचण आहे. परीक्षा घेणाऱ्या निरनिराळ्या मंडळांचे, निरनिराळ्या वर्षांचे अभ्यासक्रम त्याच्याकडे मिसळलेले असतात. पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षांचे उदाहरण घेतले, तर एबीआरएसएम या ब्रिटिश मंडळाच्या श्रेणी परीक्षा १५० गुणांच्या असून उत्तीर्ण होण्यास १०० गुण लागतात, तर ट्रिनिटी या दुसऱ्या ब्रिटिश मंडळाच्या परीक्षा १०० गुणांच्या असून तेथे ६० लागतात. या दोहोंची सरमिसळ झालेले उत्तर आत्मविश्वासाने दिले जाऊ शकते. प्रवेशिका, मध्यमा अशी परीक्षांची नावे तर एकाहून अधिक ठिकाणी आढळतात. मंडळाने प्रसिद्ध केलेला चालू वर्षाचा अभ्यासक्रम स्वतः मिळवून संभाषणाच्या सुरुवातीला द्यावा आणि 'फक्त यावरूनच उत्तर दे, यात नसेल तर नाही असे सांग' अशी सूचना करावी.

५. राग आणि ताल यांची माहिती तो बरोबर देतो का?

सर्वपरिचित रागांची ढोबळ माहिती बहुधा बरोबर असते. चुका होतात त्या नेमक्या परीक्षक जेथे बोट ठेवतात तेथे. भूपाली आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत, पण भूपालीत गंधार वादी (मुख्य स्वर) व धैवत संवादी (त्याखालोखालचा), तर देशकारात धैवत वादी व गंधार संवादी. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. चॅटबॉट वादी-संवादी सांगतो, पण देशकारासाठी म्हणून लिहून दिलेली स्वरसंगती वाचावी तर ती सरळ भूपालीची निघते. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांच्या बाबतीतही असेच घडते. स्वर सारखे म्हणजे राग सारखा, अशी त्याची समजूत असल्यासारखे वाटते, कारण चलन, म्हणजे रागात स्वर कोणत्या वळणाने येतात, ही गोष्ट लिहिलेल्या मजकुरात फार थोडी उतरलेली आहे.

तालांमध्ये सात मात्रांचा रूपक हमखास घोटाळा करतो. त्याच्या समेवरच (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) खाली, म्हणजे टाळी न देण्याची जागा, असते आणि टाळ्या चौथ्या व सहाव्या मात्रेवर येतात. 'सम म्हणजे टाळी' या सर्वसाधारण नियमाला हा अपवाद असल्यामुळे चॅटबॉट पहिल्या मात्रेवर टाळी देऊन मोकळा होतो. चौदा मात्रांचे ताल ही दुसरी जागा: धमाराचे विभाग ५-२-३-४, झुमरा व दीपचंदी यांचे ३-४-३-४, आणि आडाचौतालाचे दोन-दोन मात्रांचे सात. मात्रांची संख्या एकच असल्याने एकाचा ठेका (तबल्याचे ठरलेले बोल) दुसऱ्याच्या नावावर दिला जातो. विद्यार्थ्याच्या हातात देण्याआधी प्रत्येक ठेका स्वतः हाताने मोजून पाहावा.

६. बंदिशीची स्वरलिपी लिहून घेता येते का?

कच्चा खर्डा म्हणून येते. मात्र कोणत्या पद्धतीची स्वरलिपी हवी ते सांगितले नाही, तर भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही पद्धतींची चिन्हे एकाच ओळीत येऊ शकतात, आणि ही चूक साधी नाही. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब तारसप्तक दाखवते. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब मंद्रसप्तकाचे असते आणि तारसप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ येते. भातखंडे पद्धतीत सम '×' ने आणि खाली '०' ने दाखवतात, तर पलुस्कर पद्धतीत सम '१' ने आणि खाली '+' ने. '×' आणि '+' यांची अदलाबदल झाली, तर सम आणि खालीच बदलतात.

याखेरीज कोमल स्वराखालची आडवी रेघ आणि मंद्राचे टिंब फोनवर नकल करताना गळून पडतात. म्हणून मी 'कोमल ग', 'मंद्र नी' असे शब्दांत लिहून घेते आणि अंतिम चिन्हे हाताने घालते. वेळ लागतो, पण मुलाने चुकीचे पाठ केल्यावर ते विसरायला लावण्यात त्याहून अधिक वेळ जातो.

७. तिहाया, तुकडे, ताना रचून देईल का?

देईल, आणि त्यातल्या बऱ्याच समेवर येणार नाहीत. मात्रा मोजण्यात भाषेची साधने अजूनही चुकतात. तिहाईत एकच बोल तीनदा येतो, म्हणून तपासण्याची रीत सोपी आहे: बोलांच्या मात्रांची तिप्पट अधिक विरामांची दुप्पट. सोळा मात्रांच्या त्रितालात समेपासून निघून पुढच्या समेवर येणारी तिहाई दोन्ही समा धरून १७ मात्रा व्यापते, म्हणून पाच मात्रांचा बोल आणि एक मात्रेचा विराम चालतो (१५ अधिक २), पण पाच मात्रांचा बोल आणि दोन मात्रांचा विराम चालत नाही. हे सूत्र चॅटबॉटला आधीच देऊन प्रत्येक मात्रा क्रमांक घालून लिहायला सांगितले, तर चुका कमी होतात.

तानांच्या बाबतीत माझे मत जरा कडवे आहे. यंत्राची तान हिशेबाला बरोबर असली तरी ती गळ्यासाठी रचलेली नसते. त्यापेक्षा विद्यार्थ्याने स्वतः केलेली वेडीवाकडी तान मात्रांत बसते का, एवढेच त्याच्याकडून तपासून घ्यावे.

८. मौखिक परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी?

चॅटबॉटचा सर्वांत चांगला उपयोग मला येथे आढळला आहे. पुष्कळ विद्यार्थी गातात चांगले, पण 'या रागात कोणता स्वर वर्ज्य आहे आणि तो आरोहात की अवरोहात?' असे विचारले की गप्प होतात. त्यांना उत्तर माहीत असते. अनोळखी माणसाने अनपेक्षित क्रमाने विचारण्याची सवय नसते. वर्गात शिक्षकाने विचारले तर विद्यार्थ्याला शिक्षकाचा चेहरा वाचता येतो, भुवई वर गेली की तो उत्तर बदलतो. यंत्राला भुवई नसते.

सूचना साधारण अशी द्यावी: 'तू संगीत परीक्षेचा परीक्षक आहेस. सोबत दिलेल्या रागांच्या आणि तालांच्या माहितीवरूनच प्रश्न विचार. एका वेळी एकच प्रश्न विचार आणि उत्तराची वाट पाहा. उत्तर बरोबर असले तरी "कशावरून?" असा एक उपप्रश्न विचार. उत्तर चूक असेल तर लगेच सुधारू नकोस, दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचार. दहा प्रश्नांनंतर कोणत्या विषयावर अडखळले तेवढे सांग.' माहिती शिक्षकाने तपासलेली हवी, नाहीतर प्रश्न ५ मधील चुका येथे परीक्षकाच्या तोंडून ऐकू येतील. 'एका वेळी एकच' ही अट विसरू नये, कारण ती नसली की सगळे प्रश्न एकदम, आणि कधी कधी उत्तरांसकट, समोर येतात.

शक्य असेल तर बोलून उत्तरे द्यायला लावावीत. टंकताना विचार करायला वेळ मिळतो, परीक्षेत तो मिळत नाही. दर वेळी एक प्रात्यक्षिक प्रश्नही असू द्यावा, जसे की 'झपतालाची दुगुण (दुप्पट लय) हातावर म्हणून दाखवा'. तेथे यंत्राने थांबावे आणि ऐकण्याचे काम शिक्षकाने किंवा वर्गातल्या दुसऱ्या मुलाने करावे. ज्या विषयावर मूल अडखळते त्यांची यादी दर आठवड्याला ठेवली, तर प्रश्न ३ मधील वेळापत्रकाला तीच पुरते.

९. स्वर तपासणारे ॲप विद्यार्थिनीचा गंधार 'उतरलेला' दाखवते, पण मला तो तंबोऱ्याशी जुळलेला ऐकू येतो. कोण बरोबर?

बहुतेक वेळा तुम्ही. अनेक ॲप समान अंतराच्या स्वरसप्तकावर बेतलेली असतात: सप्तकाचे १२०० सेंट (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक), सप्तकातल्या बारा स्वरांपैकी लगतच्या दोहोंत १०० सेंटचे अंतर, म्हणजे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तंबोऱ्याशी एकजीव होणारा गंधार षड्जाच्या सव्वापट कंपनसंख्येचा, म्हणजे सुमारे ३८६ सेंटवर असतो. षड्ज २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्याचा गंधार ३०० येतो आणि ॲपचा सुमारे ३०२.४. आकडा लहान दिसतो, पण तंबोऱ्यासोबत लावलेला तो गंधार हलताना स्पष्ट ऐकू येतो. अशा ॲपच्या दृष्टीने शुद्ध धैवत सुमारे १६ आणि शुद्ध निषाद सुमारे १२ सेंट 'उतरलेला' ठरतो, कोमल गंधार सुमारे १६ सेंट 'चढलेला' ठरतो, आणि पंचमाबद्दल मात्र भांडण होत नाही, कारण तेथे फरक अवघा २ सेंटचा आहे.

उपाय तीन आहेत आणि पहिला सर्वांत बरा: षड्जाशी प्रमाणात स्वर बसवण्याची सोय असलेले ॲप निवडावे. ते नसेल तर चूक मानण्याची मर्यादा २० सेंटपर्यंत सैल करावी. तेही जमत नसेल तर ॲपचा उपयोग फक्त षड्ज आणि पंचम स्थिर राहतात का हे पाहण्यापुरता करावा. हार्मोनियमच्या साथीने परीक्षा असेल तर प्रश्न थोडा वेगळा होतो, कारण पेटीही सामान्यतः समान अंतराचीच असते. तरीही मुलांचे कान तंबोऱ्यावर तयार करून मग पेटीबरोबर गायला लावणे मला योग्य वाटते.

१०. ॲप सर्वच स्वरांची नावे चुकीची दाखवते. काय बिघडले असेल?

पट्टी, म्हणजे षड्ज कोणत्या स्वरावर धरला ते. पुष्कळ ॲप काही न सांगितल्यास पेटीच्या पांढरी एकलाच षड्ज मानतात. विद्यार्थिनी काळी चारमध्ये गात असेल तर तिच्या षड्जाला ॲप कोमल धैवत म्हणेल आणि पुढचे सगळे त्याच हिशेबाने घसरेल. सुरुवातीला षड्ज ठरवून द्यावा.

११. मींड, आंदोलन आणि गमक (स्वर सरकवणे, झुलवणे, जोराने हलवणे) यांना ॲप 'अस्थिर स्वर' म्हणते. मग ती साधने निरुपयोगी आहेत का?

तसे नाही, फक्त गुण आणि टक्केवारी दाखवणारा भाग झाकून ठेवावा आणि स्वराचा आलेख पाहावा. सॉनिक व्हिज्युअलायझरसारख्या मोफत संगणक प्रणालीत पूरक जोड (प्लगइन) घातल्यावर गायलेल्या स्वराची रेषा काळाच्या ओघात काढून मिळते. दरबारीचा कोमल गंधार तेथे सरळ रेघ नसून संथ लाट म्हणून दिसतो, आणि शिक्षकाच्या लाटेशेजारी विद्यार्थ्याची लाट ठेवली की 'आंदोलन घाईचे होते आहे' हे वाक्य शंभरदा बोलावे लागत नाही. ॲप ज्याला चूक म्हणते तीच येथे शिकवण्याची गोष्ट ठरते. चित्र पाहून पुन्हा डोळे मिटून गायला लावावे, एवढे मात्र सांभाळावे. नाहीतर मूल रेषेचाच पाठलाग करत बसते.

१२. लय मोजणाऱ्या साधनांचे निकाल भलतेच येतात. विश्वास ठेवावा का?

आधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, बिनतारी हेडफोन. त्यांत आवाज पोहोचायला उशीर लागतो आणि तो सेकंदाच्या पाचव्या भागाएवढाही असू शकतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते, म्हणजे विद्यार्थी मात्रेच्या दोन पंचमांशाने मागे पडल्याचे ॲप सांगेल आणि बिचारा ठेक्यात असेल. तारेचे हेडफोन वापरले की हा प्रश्न उरत नाही.

दुसरी गोष्ट विलंबित, म्हणजे अतिसंथ लयीची. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाचे आवर्तन ४८ सेकंदांचे असेल तर मात्रा चार सेकंदांची, म्हणजे मिनिटाला १५ पडते. यांत्रिक मेट्रोनोमची पट्टी साधारण ४० पासून २०८ पर्यंत असते. लय आपोआप ओळखणारी साधनेही याच टापूत शोधतात, त्यामुळे ती मात्रेऐवजी मधले बोल मोजतात आणि दुप्पट-चौपट आकडा दाखवतात. विलंबितासाठी यंत्राकडून लय ओळखून घेऊ नये. ध्वनिमुद्रणात प्रत्येक समेची वेळ टिपून ठेवावी आणि आवर्तनांची लांबी पाहावी. पहिले आवर्तन ४८ सेकंदांचे आणि सहावे ४१ चे झाले असेल, तर लय कोठे वाढू लागली ते मुलाला स्वतःच दिसते.

१३. साथीदार रोज मिळत नाही. एआयच्या साथीवर तयारी पुरेशी होईल का?

रोजच्या रियाजाला पुरते, परीक्षेला पुरत नाही. लेहरा (तालाचे आवर्तन दाखवणारी धून) किंवा ठेका देणारी ॲप चुकत नाहीत, दमत नाहीत आणि विद्यार्थ्याने सम चुकवली तरी त्याला सावरूनही घेत नाहीत. यातली शेवटची गोष्ट रियाजात चांगली आहे. पण माणूस साथीला बसला की लय किंचित हलते, तबलजी मुखड्याला (बंदिशीच्या समेकडे नेणाऱ्या ओळीला) जागा देतो, पेटीवाला स्वर पुढे करतो, आणि ॲपवर वाढलेला विद्यार्थी तेथे गोंधळतो. परीक्षेच्या आधी किमान तीन-चार बैठका माणसांबरोबर व्हाव्यात.

जुन्या ध्वनिमुद्रणातून गायकाचा आवाज काढून साथ वेगळी करण्याबद्दलही विचारणा होते. डीझर या कंपनीने २०१९ मध्ये मोफत खुले केलेले स्प्लीटर आणि त्यानंतरची साधने हे काम करतात, पण त्यांचे कप्पे 'आवाज, ड्रम, बेस, इतर' असे ठरलेले आहेत. तबल्याचा डग्गा एका कप्प्यात, चाट (तबल्याच्या कडेचा आघात) दुसऱ्यात, आणि गळ्यामागून जाणारी सारंगी आवाजाच्याच कप्प्यात, असे होऊन बसते. घरच्या सरावापुरते ठीक आहे. अशी साथ जाहीर कार्यक्रमात वापरायची तर मूळ ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकाची परवानगी लागते.

१४. ॲपला देण्यासाठी ध्वनिमुद्रण कसे करावे?

फोनमधील आणि व्हिडिओ कॉलमधील आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद करावी. ती बोलण्यासाठी केलेली असते, त्यामुळे तंबोऱ्याचा अखंड नाद तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो पुसून टाकते. लांबवलेला षड्जसुद्धा मधेच विरतो. झूमवर 'ओरिजिनल साउंड' हा पर्याय याचसाठी आहे. स्वराचे मोजमाप हवे असेल तर तंबोरा विद्यार्थ्याच्या कानात आणि माइकसमोर फक्त गळा अशी योजना करावी, कारण दोन्ही एकत्र आले की ॲप कधी गळ्याचा स्वर पकडते, कधी तारेचा. ऐकून परीक्षण करायचे असेल तर मात्र दोन्ही एकत्रच हवेत.

१५. सराव परीक्षेचे गुण एआयने दिले तर निःपक्षपाती ठरणार नाहीत का?

पक्षपात नसणे आणि परीक्षण करता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप जे मोजू शकते त्यालाच गुण देते, म्हणून बंदिश निर्जीवपणे पण काटेकोर म्हणणारा विद्यार्थी वरचढ ठरतो आणि रागाचा विस्तार करताना धोका पत्करणारा मागे पडतो. चॅटबॉट तर एकाच ध्वनिमुद्रणाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा आकडा देऊ शकतो, आणि 'मला हे कमी वाटतात' म्हटले की वाढवूनही देतो. अशा गुणांवर मुलाने विसंबणे वाईट, पालकांनी विसंबणे त्याहून वाईट.

गुण शिक्षकानेच द्यावेत. चॅटबॉटकडून फार तर परीक्षकाचा तक्ता तयार करून घ्यावा: मंडळाच्या गुणविभागणीप्रमाणे रकाने आणि प्रत्येक रकान्यात काय ऐकायचे त्याची एक ओळ.

१६. सादरीकरणाच्या भीतीवर काही उपयोग होतो का?

धीर देणारी वाक्ये चॅटबॉट भरपूर देतो, त्यांचा उपयोग मला दिसलेला नाही. भीतीच्या मुळाशी पुष्कळदा एक ठोस शंका असते: मधेच विसरलो तर? त्यावर सराव करता येतो. चॅटबॉटकडून चाळीस-पन्नास चिठ्ठ्या करून घ्याव्यात: 'अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीपासून सुरू कर', 'तान अर्धी सोडून मुखडा पकड', 'तबलजीने लय वाढवली आहे', 'शब्द आठवत नाहीत, आकारात पुढे जा', 'प्रेक्षकांत फोन वाजला'. विद्यार्थी गात असताना कोणतीही एक चिठ्ठी उचलून मोठ्याने वाचावी. पहिले आठ दिवस हसण्यात जातात, मग सावरणे अंगवळणी पडते.

१७. सादरीकरणाच्या बारा मिनिटांत काय काय बसेल, हा हिशेब त्याला करता येतो का?

लय आणि मात्रा नीट दिल्या तर येतो आणि तो डोळे उघडणारा असतो. प्रश्न १२ मधील विलंबित एकतालाला पाच मिनिटे ठेवली तर सहाच आवर्तने मिळतात. उलट मिनिटाला १६० मात्रांच्या द्रुत त्रितालात दोन मिनिटांत वीस आवर्तने होतात. विलंबितात दहा आलाप मांडायचे ठरवलेल्या विद्यार्थ्याला हा हिशेब आधीच दाखवावा.

१८. मुलांचे आवाज ॲपवर चढवणे सुरक्षित आहे का?

पालकांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय चढवू नयेत. आवाज ही ओळख पटवणारी गोष्ट आहे. ध्वनिफितीला मुलाचे नाव न देता क्रमांक द्यावा, ॲपची वयोमर्यादा पाहावी, दिलेला आवाज यंत्राच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यास नकार देण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि काम झाल्यावर फायली पुसाव्यात. ऑडॅसिटीसारखी संगणकावरच चालणारी प्रणाली पुरत असेल, तर आवाज बाहेर पाठवण्याची गरजच राहत नाही.

१९. विद्यार्थ्याने लेखी परीक्षेची उत्तरे एआयकडून लिहून पाठ केली आहेत. थांबवावे का?

उत्तर लिहून घेण्यापेक्षा पाठ करणे अधिक घातक आहे. अशी उत्तरे गुळगुळीत असतात आणि त्यांत एखादी चुकीची मात्रा लपलेली असते. मी विद्यार्थ्याला तेच उत्तर आणायला सांगते आणि त्यातल्या तीन चुका पुस्तकावरून शोधायला लावते. चुका सापडल्या नाहीत तरी पुस्तक वाचून होते.

२०. दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी काही वेगळी सोय करता येते का?

येते, आणि येथे साधन मनापासून उपयोगी पडते. छापील स्वरलिपी स्क्रीन वाचणाऱ्या प्रणालीला नीट वाचता येत नाही: टिंबे आणि रेघा ती गाळते. शिक्षकाने तपासलेली स्वरलिपी 'मात्रा एक, मंद्र नी. मात्रा दोन, रे' अशा शब्दरूपात चॅटबॉटकडून बदलून घेतली, की विद्यार्थी ती स्वतंत्रपणे ऐकू शकतो. बदललेल्या मजकुराची मूळ स्वरलिपीशी ओळीओळीने पडताळणी मात्र डोळस माणसाने करावी (प्रश्न ६ पाहा). मौखिक सराव प्रश्न ८ प्रमाणेच.

२१. मुलाचा आवाज फुटतो आहे आणि परीक्षा जवळ आली आहे. ॲपच्या आलेखावरून पट्टी ठरवावी का?

मुलाला आज कोणत्या स्वरापासून कोणत्या स्वरापर्यंत गाता येते, एवढे आलेख दाखवतो. दर आठवड्याला पाच मिनिटांची नोंद ठेवल्यास आवाज किती वेगाने खाली सरकतो आहे ते कळते, आणि हे कानाने लक्षात ठेवणे कठीण असते. परंतु जो स्वर निघतो तो ताण न घेता निघतो का, हे आलेखात दिसत नाही. पट्टी गळ्याचा ताण ऐकून ठरवावी, ती खाली आणायला संकोच करू नये, आणि ॲपवर 'गाठायचा वरचा स्वर' असे लक्ष्य लावले असेल तर ते या काळात काढून टाकावे.

२२. आमच्या गुरूंकडून आलेला राग चॅटबॉट चुकीचा ठरवतो आणि विद्यार्थी त्याचे ऐकतो. अशा वेळी काय करावे?

बागेश्रीतला पंचम हे याचे ठरलेले उदाहरण. कोणी तो अवरोहात वक्र घेतात, कोणी जवळजवळ टाळतात, आणि दोन्ही रीती मान्यवरांच्या गाण्यात ऐकू येतात. चॅटबॉटला मात्र एकच उत्तर द्यायची सवय असते, त्यामुळे ज्या पुस्तकातला मजकूर त्याच्याकडे जास्त आला असेल ती रीत तो नियम म्हणून सांगतो. 'या रागात पंचम घेण्याच्या निरनिराळ्या रीती सांग' असे विचारून पाहावे. पुष्कळदा तो लगेच माघार घेतो, आणि ती माघार विद्यार्थ्याने स्वतः पाहणे हेच अर्धे उत्तर असते.

परीक्षेपुरते बोलायचे, तर मंडळाच्या नेमलेल्या पुस्तकात काय लिहिले आहे ते विद्यार्थ्याला माहीत असावे आणि लेखी परीक्षेत त्याने तेच लिहावे. प्रात्यक्षिकात त्याने शिकवल्याप्रमाणे गावे. परीक्षकाने हटकलेच, तर 'पुस्तकात असे आहे, आमच्याकडे पंचम असा घेतात' एवढे सांगून ती स्वरसंगती लगेच गाऊन दाखवता आली पाहिजे, म्हणून हे वाक्य आणि ती संगती प्रश्न ८ मधल्या सरावात आधीच घालून ठेवावी.